दसऱ्याला वास्तुशांत आणि भिंती अजून ओल्या, रंग कधी द्यायचा?

पत्र थोडक्यात असं: पुण्यात धायरीला सासऱ्यांचं बैठं घर आहे, त्यावर यंदा आम्ही वरचा मजला चढवला, एक हॉल, दोन बेडरूम, छोटं किचन. आतलं प्लास्टर गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी संपलं. पाच दिवस पाणी मारलं, मग पाऊस एवढा लागला की थांबलो. दसऱ्याला वास्तुशांत ठरलीये, नाशिकहून दीर-जाऊ आणि बरीच मंडळी येणार. पेंटर म्हणतो घटस्थापनेला काम सुरू करतो, नऊ दिवसात पुट्टी, प्रायमर, दोन हात रंग, सगळं देतो, रंगाचा हात येईपर्यंत प्लास्टरला 28 दिवस होतातच. मिस्टरांनी महागाचं इमल्शन शेड मिक्स करून आणून ठेवलंय, हॉलच्या एका भिंतीला गडद निळा, एका भिंतीला टेक्श्चर. सासरे म्हणतात पितृपक्षात रंगाला हात लावायचा नाही आणि यंदा नुसता चुना मारा, बाकी पुढच्या वर्षी बघू. मला हा कंजूषपणा आणि अंधश्रद्धा वाटते, पण तोंडावर बोलता येत नाही. पश्चिमेच्या बेडरूमच्या भिंतीवर पांढरी पावडर दिसतेय, बीमखाली केसासारखी चीर आलीये. पेंटर म्हणतो पुट्टीत सगळं झाकलं जाईल. कुणाचं ऐकू, आणि सासऱ्यांना कसं समजावू?

ताई, सासऱ्यांना कसं समजवायचं हा तुमचा शेवटचा प्रश्न आहे पण मी तिथूनच सुरुवात करते, कारण मला वाटतं या वेळी त्यांचं बरंचसं बरोबर आहे. कारण ते पितृपक्षाचं देत असतील, तुम्हाला ते पटत नसेल, ठीक आहे. पण गौरी गेल्यावर प्लास्टर संपलं आणि मग पितृपक्षाचे पंधरा दिवस भिंतीला कुणी हात लावला नाही, यात त्या भिंतीचं भलंच झालंय. भादव्यात नवीन प्लास्टरवर रंग चढवायची घाई जी घरं करतात ती पुढच्या पावसाळ्यात पोपडे खरवडत बसतात हे मी सतरा वर्षं साइटवर बघितलंय, आणि एकदा स्वतःच्या घरातही बघितलंय. कर्वेनगरचा आमचा फ्लॅट घेतला तेव्हा ताबा मिळाल्यावर एका बेडरूमची भिंत फोडून पुन्हा बांधली, जुलै महिना, मुलीची शाळा सुरू झालेली, कधी एकदा राहायला जातो असं झालं होतं. दीड महिन्यात रंग दिला. दिवाळीला कपाट सरकवलं तर मागे हाताएवढे फुगे. सगळं खरवडून, पुट्टीसकट काढून, पुन्हा केलं, खर्च दुप्पट झाला तो झालाच पण आठ दिवस घरात जी धूळ होती ती अजून आठवते.

आता ते 28 दिवसांचं बघू, कारण हा आकडा सगळेच पेंटर सांगतात आणि लोकांना वाटतं की तो कुठेतरी रंगाच्या शास्त्रात लिहिलाय. हा आकडा आलाय काँक्रीटकडून. काँक्रीटचा क्यूब 28 दिवसांनी मशीनमध्ये दाबून त्याची ताकद बघतात, म्हणजे सिमेंट किती आवळलं गेलं याचा तो हिशोब आहे. भिंत किती वाळली याचा नाही. रंगाच्या कंपन्याही साधारण चार ते सहा आठवडे सांगतात हे खरं, पण ते भिंत वाळत असताना, म्हणजे उघडी खिडकी, वारा, कोरडी हवा अशा दिवसांत. आपल्याकडे सप्टेंबरात हवाच इतकी दमट असते की टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे भिंत काय वाळणार. ऑक्टोबर हीटचे 28 दिवस आणि भादव्यातले 28 दिवस सारखे धरून चालत नाही.

भिंतीत पाणी असतं तरी किती याचा अंदाज येत नाही लोकांना, म्हणून एक ढोबळ हिशोब देते. दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंची, चारही भिंती मिळून 440 स्क्वेअर फूट. आतलं प्लास्टर साधारण 12 मिलिमीटर जाड धरलं तर अर्ध्या घनमीटरच्या आसपास माल लागतो, आणि तो कालवतानाच शंभर लिटरच्या आगेमागे पाणी जातं. त्यातलं थोडं सिमेंट स्वतःत बांधून घेतं, बाकीचं तिथेच. वर विटा भिजवलेलं पाणी वेगळं, क्युरिंगचं, म्हणजे प्लास्टरनंतर भिंतीवर मारलेलं, वेगळं. हे सगळं वाफ होऊन बाहेर पडायचंय आणि त्याला जायला मोठी वाट एकच, भिंतीचा तो उघडा पृष्ठभाग, कारण बाहेरच्या बाजूने सध्या पाऊसच आत येतोय. त्या पृष्ठभागावर तुम्ही पुट्टी, प्रायमर आणि वर धुता येणाऱ्या इमल्शनची फिल्म चढवली की ती वाट अरुंद झाली. रंग जितका महाग, जितका गुळगुळीत आणि पुसता येण्यासारखा, तितकी त्याची फिल्म घट्ट, तितकं बाष्प कमी सोडते. म्हणजे मिस्टरांनी आणलेला चांगला रंग ओल्या भिंतीला साध्या रंगापेक्षा जास्त त्रास देणार. रंग वाईट नाहीये, वेळ चुकीची आहे.

आणि नुसतं पाणी असतं तरी एक वेळ चाललं असतं. सिमेंट आवळताना चुना तयार होतो, आपण पानाला लावतो तोच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. नवीन प्लास्टरचा पीएच 12-13 पर्यंत असतो, हा जबरदस्त क्षार. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू या चुन्याचा खडू करतो आणि पृष्ठभाग शांत होत जातो, पण त्याला वेळ लागतो. तोपर्यंत वाळणारं पाणी हा क्षार पृष्ठभागावर आणत राहतं. काही रंगद्रव्यं क्षारात टिकत नाहीत, शेड डागाडागाने फिकी पडते, आणि गडद भिंतीवर हे डाग लगेच दिसतात. खाली खार, म्हणजे भिंतीतून निघणारी पांढरी पावडर, फुटला तर तोही पांढऱ्या भिंतीवर खपून जाईल पण गडद निळ्यावर पिठाचे हात पुसल्यासारखा दिसतो. म्हणून ती निळी भिंत या वर्षी नको असं मी ठामपणे सांगेन.

अजून एक, किचनमध्ये ऑइलपेंट मारायची आपल्याकडे जुनी सवय आहे, टाइल्सच्या वर, तेलाचे डाग पुसता यावेत म्हणून. नव्या प्लास्टरवर हे अजिबात करू नका. क्षार आणि तेल एकत्र आलं की साबण होतो, साबण बनवायची पद्धतच ती आहे, आणि भिंतीवर तेच होतं, रंग चिकट होतो, मऊ पडतो, बोट लावलं तर सरकतो. तुमच्या पेंटरच्या यादीत किचनला ऑइल असेल तर आत्ताच खोडा.

भिंत खरंच किती ओली आहे हे मी किंवा पेंटर सांगून उपयोग नाही, तुम्ही घरीच बघू शकता. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड बाय दीड फुटाचा तुकडा घ्या, भिंतीवर चारही बाजूंनी रुंद चिकटपट्टीने पक्का बंद करा, हवा जायला फट नको, आणि संध्याकाळी लावला तर दुसऱ्या दिवशी दुपारीच काढा. आतून दवाचे थेंब दिसले किंवा प्लास्टिकखालची भिंत आजूबाजूपेक्षा काळपट दिसली तर भिंत ओली. एकाच जागी लावून समाधान मानू नका, पश्चिमेच्या बेडरूममध्ये खाली जमिनीपासून फूटभर वर एक, हॉलमध्ये एक, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर एक. वायरिंगच्या खाचा प्लास्टरनंतर फोडून बुजवल्या असतील तर तिथेही लावा, तो माल बाकीच्या भिंतीपेक्षा नवीन असतो आणि लोक तारीख मोजताना तो विसरतात. चिकटपट्टी वाळूमुळे चिकटत नसेल तर तेवढी जागा आधी ब्रशने झाडून घ्या.

क्षार बघायला तर आपल्या घरातच साधन आहे, हळद. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू असंच करायचे पूर्वी. पांढऱ्या सुती कापडाला पाण्यात कालवलेली हळद लावा, ओलं कापड भिंतीला मिनिटभर दाबून धरा, कापड लालभडक झालं तर क्षार अजून जोरात आहे, पिवळंच राहिलं किंवा जरासं नारिंगी झालं तर बराच निवलाय. डाग पडतो म्हणून स्कर्टिंग येणार आहे त्या उंचीवर करा. मी हे साइटवर पोरांना शिकवायचे, लिटमस पेपर कोण आणून देतो.

आता पश्चिमेची पांढरी पावडर. तो खार आहे, काही जण लोणा म्हणतात, विटेतले, वाळूतले, सिमेंटमधले मिठासारखे क्षार पाण्यात विरघळून बाहेर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागावर उरतात. पुट्टीत तो झाकला जात नाही, पुट्टीच्या मागे जमतो आणि पुट्टीला ढकलून पाडतो. आणि कृपा करून तो पाण्याने धुऊ नका, सगळ्यांना पहिली तीच इच्छा होते, धुतला की क्षार परत विरघळून भिंतीत जातात आणि आठ दिवसांनी पुन्हा बाहेर. कोरड्या कडक ब्रशने झाडा, खाली वर्तमानपत्र पसरा, पावडर गोळा करून फेकून द्या, चार दिवसांनी पुन्हा बघा, पुन्हा झाडा. दर वेळी कमी येत असेल तर ते नुसतं बांधकामातलं पाणी आहे, संपेल. तेवढंच येत राहिलं तर पाणी कुठून तरी चालू आहे आणि ते शोधायला हवं. तुमच्याकडे पाऊस खडकवासल्याच्या बाजूने येतो, पश्चिमेच्या भिंतीवर सरळ आपटतो, त्यामुळे मला आधी संशय येतो तो खिडकीखालच्या कट्ट्याचा आणि वरच्या पॅरापेटचा, म्हणजे गच्चीच्या कठड्याचा. खिडकीच्या कट्ट्याला बाहेर उतार आहे का, फ्रेम आणि भिंतीमधली फट बुजवलीये का, गच्चीवर पाणी साचतं का, पावसात छत्री घेऊन एकदा बाहेरून बघून या. ते न करता आतून कितीही भारी डॅम्पप्रूफ रंग मारला तरी पाणी दुसरीकडून वाट काढतं.

बीमखालच्या चिरेबद्दल. आधी नाण्याने भिंत ठोकून बघा, भरीव आवाज आला तर बरं, पोकळ वाजली तर तेवढं प्लास्टर सुटलंय, फोडून नवीन करावं लागेल आणि ते गवंड्याचं काम आहे, पेंटरचं नाही. गवंड्याचे पैसे पूर्ण दिले नसतील तर आत्ताच बोलवा. चीर बीमच्या खालून सरळ रेषेत जात असेल तर ती काँक्रीट आणि वीटकामाच्या जोडावरची आहे, दोन्ही वेगवेगळे आकसतात, तिथे प्लास्टरच्या आत कोंबडीजाळी टाकायची असते, बहुतेक राहिली असणार. ही चीर नुसत्या पुट्टीने भरली तर वर्षात पुन्हा उघडते. तिला इंग्रजी व्ही सारखी थोडी रुंद करून, धूळ काढून, ॲक्रिलिक क्रॅक फिलर भरून वर फायबरची जाळीपट्टी लावायची, पण हे भिंत वाळल्यावर, कारण वाळताना ती अजून थोडी उघडणार आहे. नकाशासारख्या बारीक रेघा सगळीकडे असतील तर काळजी नको, गवंडी शेवटी घोटताना कोरडं सिमेंट जास्त मारतात किंवा पृष्ठभाग पटकन सुकतो त्याने येतात, त्या पुट्टीत जातात. इथे पेंटर बरोबर आहे.

पाच दिवस पाणी मारून पाऊस आला म्हणून थांबलो असं तुम्ही लिहिलंय. बाहेर पाऊस पडला म्हणून आतल्या भिंतीला पाणी मिळत नाही, निदान सात दिवस तरी मारायला हवं होतं. पण जे झालं ते झालं, आता कुणी सांगितलं म्हणून पुन्हा पाणी मारायला सुरुवात करू नका, आता त्याचा उपयोग थोडा आणि वाळणं मात्र मागे जाईल. आता खिडक्या दारं उघडी ठेवा, ऊन असेल तेव्हा सगळी, पाऊस तिरपा येत असेल तेव्हा त्या बाजूच्या बंद, पंखे लागले असतील तर दिवसभर हळू चालू ठेवा. हॅलोजन किंवा हीटर लावून भिंत भाजू नका, पृष्ठभाग पटकन वाळून तडकतो आणि आत ओल तशीच.

तर मग दसऱ्याचं काय करायचं? तुमच्या पत्रात मला एक गोष्ट सारखी दिसली, की एकतर दसऱ्याला घर पूर्ण रंगलेलं असेल नाहीतर वास्तुशांत फिकी होईल. या दोन गोष्टी इतक्या बांधलेल्या आहेत का? वास्तुशांतीला भटजी रंग बघत नाहीत, दार, तोरण, होम, वास्तुपुरुष, जेवण, एवढंच. दीर-जाऊ काय म्हणतील ही धास्ती मला कळते, मीही सून म्हणून अशा घरात राहिलेय जिथे पाहुणे पडद्याचं कापड चाचपून बघायचे. पण नवीन मजल्यावर पहिल्यांदा येणारा माणूस उजेड बघतो, खोल्या किती मोठ्या आहेत, बाल्कनीतून काय दिसतं ते बघतो. आणि त्याच पाहुण्यांना पुढच्या गणपतीत तुम्ही पोपडे आलेली निळी भिंत दाखवणार असाल तर ते जास्त लागेल मनाला.

पर्याय तीन आहेत. पहिला पेंटरचा, नऊ दिवसात सगळं. त्याला मी नाही म्हणते, आणि नुसतं भिंत ओली आहे म्हणून नाही, नऊ दिवसात चार खोल्या म्हणजे पुट्टीचे दोन हात, घासाई, प्रायमर, रंग यात प्रत्येक थराला जी एक एक रात्र वाळायला द्यायची ती नीट देणं त्याला कठीणच. दुसरा पर्याय प्रायमरचा एकच पातळ हात, वॉटरबेस्ड, क्षार सहन करणारा, डब्यावर लिहिलंय तेवढं पाणी घालून, पुट्टी न करता. पांढरं दिसतं, श्वास बऱ्यापैकी घेऊ देतं, पुढे हलकं घासून वर ॲक्रिलिक पुट्टी करता येते. खोली बऱ्यापैकी वाळलेली असेल, म्हणजे प्लास्टिकच्या परीक्षेत दव आलं नाही, तर हे चालेल. तिसरा सासऱ्यांचा चुना. चुना हा मुळात क्षारच, त्यामुळे नव्या सिमेंटच्या क्षाराने त्याला काही होत नाही, त्याची फिल्म होत नाही म्हणून भिंतीचं बाष्प आरपार जातं, आणि खर्च अगदी किरकोळ. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या भिंती घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळलेल्या चुन्यात उभ्या आहेत, सासऱ्यांच्या पिढीने दर दिवाळीला चुना मारलेला असतो, त्यांना हे पुस्तकातून नाही तर हाताने माहीत आहे. कंजूषपणा असेलही थोडा, नाही म्हणत नाही मी, मजला चढवताना पैसे कुणाचे किती गेले ते तुम्हालाच ठाऊक. पण नव्या भिंतीला पहिलं वर्ष चुना ही चाल पैसे वाचवायला आलेली नाही.

चुन्याची एक अडचण आहे ती लपवत नाही. हाताला पांढरं लागतं, मंडळी टेकून बसली की पाठी पांढऱ्या. आणि पुढे इमल्शन करताना तो पूर्ण खरवडून, झाडून काढावा लागतो, भुकटीवर पुट्टी धरत नाही, ती मजुरी जास्तीची. शिवाय चुना मारलेल्या भिंतीवर हळदीची परीक्षा काही दिवस कामाची नाही, ती लालच दाखवणार. म्हणून सगळ्या मजल्याला चुना मारा असं मी म्हणणार नाही. माझं मत विचाराल तर हॉलला आणि सासरे जिथे राहणार असतील त्या खोलीला चुन्याचे दोन-तीन हात, दुसऱ्या खोलीला आणि किचनला काहीच नाही, स्वच्छ घासून झाडून करडं प्लास्टर तसंच. वास्तुशांतीच्या दिवशी दाराला झेंडूचं तोरण आणि आंब्याची पानं, खाली रांगोळी, हॉल पांढराशुभ्र, पुरे आहे. पश्चिमेची खोली जर सासऱ्यांचीच असेल तर मात्र तिला चुनाही नको, खार येतोय का ते उघड्या भिंतीवरच कळेल.

खरा रंग संक्रांतीनंतर. ऑक्टोबर हीट आणि मग थंडी, कोरडी हवा, तीन-साडेतीन महिने भिंतीला मिळाले की मी निश्चिंत. बाहेरच्या भिंतींचंही तेव्हाच, पाऊस थांबल्यावर लगेच बाहेरून वॉटरप्रूफ रंग मारून भिंत कोंडू नका, मग सगळी ओल आतल्या बाजूने येते.

मिस्टरांनी आणलेला रंग वाया जात नाही. शेड मिक्स केलेला डबा दुकानदार परत घेत नाही, पण सीलबंद डबा जानेवारीपर्यंत आरामात टिकतो, उभा ठेवा, उन्हात नको, झाकणावर खोलीचं नाव आणि शेड नंबर लिहून ठेवा. निळी भिंत आणि टेक्श्चर निदान एक पावसाळा बघून मग करा असं त्यांना सांगा, पहिल्या वर्षी सगळीकडे फिका रंग, त्यावर नंतर गडद चढवणं सोपं असतं. वॉलपेपरचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तोही तेव्हाच, ओल्या भिंतीवर वॉलपेपर म्हणजे मागे काळी बुरशी.

जानेवारीत काम सुरू कराल तेव्हा पेंटरजवळ उभं राहून एवढं बघा. आधी भिंत दगडाने किंवा जाड पॉलिशपेपरने घासून सुटे वाळूचे कण काढायचे आणि झाडायचं. सिमेंटची पुट्टी असेल तर भिंतीला आधी पाण्याचा हलका शिडकावा, कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी ओढून घेते आणि पुट्टी नखाने निघते. दोन पातळ हात, दोन्ही मिळून दीड मिलिमीटरच्या आत. पुट्टी भिंत गुळगुळीत करायला असते, सरळ करायला नाही, गवंड्याने पोट काढलेल्या भिंतीत जाड पुट्टी भरायला देऊ नका. कालवलेली पुट्टी दोन-तीन तासात संपवायची, घट्ट झाली म्हणून पुन्हा पाणी घालून ढवळताना दिसला तर थांबवा. घासाईनंतर धूळ पुसणं हे काम निम्मे लोक करतच नाहीत, तळहात भिंतीवर फिरवा, पांढरा झाला तर अजून पुसायचीये, कारण प्रायमर धुळीला चिकटतो आणि धूळ भिंतीला चिकटलेली नसते. घासाई चालू असताना मास्क लावायला सांगा, पेंटरच्या पोरांनासुद्धा, आणि सासऱ्यांना खाली पाठवा. प्रायमर एक रात्र वाळू द्या, मग संध्याकाळी अंधार करून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा मारा, सगळे खड्डे, पट्टीच्या रेघा दिसतात, तेवढ्या पेन्सिलने गोल करून ठेवा. तिथे टचअप पुट्टी, तेवढ्याला पुन्हा प्रायमर, हे विसरतात आणि मग रंगात ठिपके दिसतात. आधी सीलिंग मग भिंती. रंगाचे दोन हात, मध्ये डब्यावर लिहिलेत तेवढे तास.

दारं आणि ग्रिलला ऑइलपेंट लागेलच, तो चांगल्या कंपनीचा आणि डब्यावर शिशाचं प्रमाण लिहिलेलाच घ्या. 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, आत असायलाच हवं असा नियम आहे, सुट्टा, लेबल नसलेला रंग घरात आणू नका, लहान मूल असेल तर नाहीच.

ज्या वाचकांचे वाकड-हिंजवडीकडचे नवीन फ्लॅट आहेत त्यांनी वरचे सगळे दिवस जसेच्या तसे लावू नयेत, तिथे आत बहुतेक जिप्सम प्लास्टर असतं. ते अर्ध्या तासात आवळतं, त्याला पाणी मारायचं नसतं, क्षारही सिमेंटइतका नसतो, हवा कोरडी असेल तर आठवड्याभरात रंगाला तयार होतं. मागची भिंत मात्र वाळलेली हवी. त्यावर सिमेंटची पुट्टी लावू नका, दोघांचं पटत नाही, गरज असेल तिथे ॲक्रिलिक पुट्टी आणि पाणी घातलेला प्रायमर. आणि खिळा मारायच्या आधी ठोकून बघा, पोकळ वाजलं तर बिल्डरला लेखी कळवा.

पेंटरवर रागावू नका. दिवाळीच्या आधीचे हे दिवस त्याच्या कमाईचे असतात, तुमचं काम गेलं तर नऊ दिवसांची रोजी गेली. त्याला घटस्थापनेच्या आधीच फोन करा, शेवटच्या दिवशी नको, म्हणजे तो दुसरं काम धरेल. चुन्याचे हात त्यालाच द्या, जानेवारीचं काम त्यालाच असं सांगून थोडा विसार द्या, आणि कागदावर लिहून घ्या की पुट्टीचे किती हात, प्रायमरचा किती, रंगाचे किती, घासाई धरून का वेगळी, माल कुणाचा. लेबर रेटने देत असाल तर माल तुम्हीच आणा.

राहिले सासरे. त्यांना समजवायला जाऊ नका, त्यांना विचारायला जा. चुना कसा मारायचा हे मी इथे लिहू शकते पण त्यांच्याकडून ऐका, कळी, म्हणजे न भिजवलेल्या चुन्याचे खडे, कुठून आणायची, बोहरी आळीत मिळेल का जवळच्या हार्डवेअरवाल्याकडे, किती दिवस भिजवायची, डिंक घालायचा का गूळ, नीळ किती, आणि हॉलचा पहिला हात त्यांच्या देखरेखीखाली होऊ द्या. पितृपक्षाचं तुमचं मत बदलायची गरज नाही, त्यांचंही नाही, तारखा दोघांच्याही जुळतातच आहेत. कळी सर्वपित्रीच्या आसपास भिजवली की घटस्थापनेनंतर मारता येते. चुना ओला असताना काहीच दिसत नाही, भिंत तशीच करडी, तेव्हा घाबरून जाड हात देऊ नका, रात्रभरात पांढरा होतो. आणि कळीवर पाणी पडलं की ती उकळते, वाफ येते, शिंतोडे उडतात, डोळ्यात गेला तर डोळा जातो, म्हणून प्लास्टिकच्या बादलीत नको, लोखंडी पिंपात भिजवा, पाण्यात कळी थोडी थोडी टाकायची, कळीवर पाणी ओतायचं नाही, भिजवणाऱ्याला चष्मा आणि हातमोजे द्या, आणि ते पिंप गार होईपर्यंत घरातली मुलं तिकडे फिरकणार नाहीत एवढं बघा.